वड्याचं तेल वांग्यावर

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी 'राग' हा विषय दिला, तेव्हा लोकलचा डबा, वाहतूक कोंडी, टीव्हीवरच्या चर्चा अशी ठिकाणं पटापट सुचली. पण तिथला राग बहुतेकदा शिव्यांवर भागतो. अगदी अनोळखी माणसावर, तेही मदत मागायला ज्याच्याकडे आलो त्याच्यावरच हात टाकायला लावणारा राग पाहायचा, तर मुंबईत महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयाची कॅज्युअल्टी गाठावी लागते. आणि तीही रात्री.

कोणतं रुग्णालय ते मुद्दाम सांगत नाही. केईएम, शीव, नायर, कूपर यांपैकी कुठेही गेलात, तरी चित्र फारसं वेगळं नसतं.

केसपेपरपासून गादीपर्यंत

रिक्षातून, टॅक्सीतून, १०८च्या रुग्णवाहिकेतून पेशंट येतो. दारात 'मामा' ट्रॉली ओढतात. रुग्णालयात वॉर्डबॉयला मामा आणि आयाबाईंना मावशी म्हणण्याची पद्धत जुनी आहे. एक नातेवाईक ट्रॉलीबरोबर धावतो, दुसरा केसपेपरच्या खिडकीकडे. तिथे आजारी माणसाचं नाव, वय, पत्ता सांगताना त्याचा आवाज चढलेला असतो, कारण आत काय चाललंय हे त्याला दिसत नसतं.

आत कॅज्युअल्टीचे वैद्यकीय अधिकारी पेशंटकडे पाहून ठरवतात, की हा मेडिसिनचा, सर्जरीचा की ऑर्थोचा. मग त्या विभागाला 'कॉल' जातो. कॉल घ्यायला येतो तो निवासी डॉक्टर, बहुधा पहिल्या वर्षाचा, ज्याला सगळे 'हाऊसमन' म्हणतात. त्याच्या युनिटचा 'इमर्जन्सी डे' असेल, तर त्या चोवीस तासांत येणारा प्रत्येक नवा पेशंट त्याच्या युनिटचा. वरच्या वॉर्डात आधीचे पेशंट असतातच. त्यांची रक्तं काढायची, रिपोर्ट गोळा करायचे, सकाळच्या राऊंडची तयारी करायची. १९९२च्या केंद्रीय निवासी योजनेनं निवासी डॉक्टरांना सलग बारा तासांहून आणि आठवड्याला ४८ तासांहून अधिक काम नसावं असं म्हटलं होतं. हा आकडा हाऊसमनला सांगितला, की तो हसतो. छत्तीस तास न झोपलेल्या माणसाचं हसणं असतं ते.

पेशंट फक्त मुंबईचे नसतात. पालघर, भिवंडी, उल्हासनगर, कल्याण इथून 'पुढे न्या' अशी चिठ्ठी घेऊन लोक येतात. काही जण खासगी नर्सिंग होममधून येतात. तिथे तीन-चार दिवसांत डिपॉझिट संपलेलं असतं आणि पेशंटची अवस्था शेवटाला आलेली असते. महापालिकेचं रुग्णालय सहसा कोणाला परत पाठवत नाही. खाट नसेल तर दोन खाटांच्या मध्ये जमिनीवर गादी पडते. व्हेंटिलेटर रिकामा नसेल, तर अंबू बॅग नातेवाइकाच्या हातात देऊन 'दाबत राहा' असं सांगण्याची वेळ सार्वजनिक रुग्णालयांत आलेली आहे. बापाचा श्वास स्वतःच्या हातानं चालवणाऱ्या मुलाच्या मनात रात्रभर काय साचत जातं, याची नोंद कुठल्या केसपेपरवर होत नाही.

पारा कसा चढतो

मारहाण अचानक होत नाही. वॉर्डात वीस-बावीस वर्षं काढलेल्या एका मामांनी तिच्या पायऱ्या सांगितल्या. आधी 'डॉक्टरसाहेब', मग 'ओ डॉक्टर', मग 'ए'. ओरडणाऱ्याची त्यांना भीती वाटत नाही. "वरडून वरडून तो दमतो. कोपऱ्यात जाऊन हळू आवाजात फोन लावतो ना, त्याच्यावर लक्ष ठेवायचं. तो माणसं बोलावतो." अर्ध्या तासात दहा-पंधरा जण येतात. त्यांतल्या निम्म्यांनी पेशंटला महिनोन्‌महिने पाहिलेलं नसतं. कोणीतरी मोबाईलवर शूटिंग सुरू करतो. कोणी नगरसेवकाच्या माणसाला स्पीकरवर घेतो. दिवसभर पेशंटजवळ बसलेली बायको किंवा बहीण यात कुठेच नसते. ती भिंतीला टेकून बसलेली असते.

ठिणगी पडते ती बहुधा मृत्यूच्या आसपास. शेवटच्या काही मिनिटांत काय चालतं हे नातेवाइकांना कळत नाही, आणि जे दिसतं त्याचा अर्थ उलटा लागतो. हृदय थांबलं की डॉक्टर दोन्ही हातांनी छाती जोरात दाबतो, कधी बरगडी मोडते. बाहेरच्याला वाटतं, माणसाला मारतायत. त्याच वेळी शिरेतून ॲड्रेनलीन दिलं जातं. माणूस जाण्याआधी घरच्यांनी पाहिलेली शेवटची गोष्ट म्हणजे इंजेक्शनची सुई. 'इंजेक्शन दिलं आणि गेला' हा आरोप म्हणूनच इतक्या वेळा ऐकू येतो. तो खोटेपणानं केलेला नसतो. पाहणाऱ्यानं खरोखर तेवढंच पाहिलेलं असतं.

त्यापुढे आणखी एक अवघड टप्पा असतो. अपघात, जळणं, विषबाधा किंवा संशयास्पद मृत्यू असेल, तर केस 'एमएलसी', म्हणजे मेडिकोलीगल, होते. पोलीस, पंचनामा, शवविच्छेदन. मृतदेह लगेच मिळत नाही. गावाकडे गाडी ठरवलेली असते, लोक खोळंबलेले असतात. हा नियम हाऊसमननं केलेला नसतो, पण 'बॉडी कधी देणार?' हा प्रश्न त्यालाच येतो. खाट का नाही, सिटी स्कॅनला वेळ का, औषध बाहेरून का आणायचं, मोठे डॉक्टर कुठे आहेत? प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याच कोणाकडे असतं. अधिष्ठात्यांकडे, महापालिकेच्या मुख्यालयात, मंत्रालयात. समोर उभा असतो पंचविशीतला एक मुलगा किंवा मुलगी. वड्याचं तेल वांग्यावर निघतं ते इथे.

मार्च २०१७

महाराष्ट्रात या विषयाची चर्चा ज्या घटनेनं पेटली, तिच्यात हे सारं स्वच्छ दिसतं. मार्च २०१७मध्ये धुळ्याच्या शासकीय रुग्णालयात डोक्याला मार लागलेला पेशंट आला. अशा पेशंटला न्यूरोसर्जन लागतो, आणि तो तिथे नव्हता. हे सांगणाऱ्या अस्थिरोग विभागातल्या निवासी डॉक्टरला जमावानं असं मारलं, की त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. न्यूरोसर्जनचं पद भरणं हे त्या मुलाचं काम नव्हतं. ते नाही एवढं सांगण्याचं काम मात्र त्याच्या वाट्याला आलं.

आठवड्याभरात मुंबईत शीवच्या रुग्णालयात निवासी डॉक्टरला मारहाण झाली आणि राज्यभरातले हजारो निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले. 'मार्ड' ही निवासी डॉक्टरांची संघटना जबाबदारी घ्यायला तयार नव्हती. प्रत्येकानं स्वतंत्र रजा टाकली, असं म्हटलं गेलं. उच्च न्यायालयानं डॉक्टरांना खडसावलं आणि सरकारकडून सुरक्षेची हमीही घेतली. महाराष्ट्र राज्य सुरक्षा महामंडळाचे अकराशे जवान रुग्णालयांना देण्याचं ठरलं. त्यातले पाचशे मुंबईसाठी. पेशंटमागे दोनच नातेवाईक आणि त्यांना पास, ही पद्धतही कडक करायचं ठरलं.

जवान आले, आणि त्यांचा उपयोग झाला हे डॉक्टरही मान्य करतात. गणवेश दिसला की धक्काबुक्की कमी होते. पण जवान दारावर असतो आणि मारहाण खाटेपाशी होते. रात्री वॉर्डात धावत पोचायला त्याला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात जे व्हायचं ते होऊन जातं. पासाचीही गत अशीच. दुपारी भेटीच्या वेळी पास तपासले जातात. मध्यरात्री, रक्तबंबाळ माणूस ट्रॉलीवर असताना, त्याच्या भावाला 'पास दाखव' म्हणणं कोणाला जमत नाही.

कायदा आहे, फिर्यादी कुठे?

कायदा नाही म्हणून हे घडतं, असं बरेच जण बोलतात. महाराष्ट्रात तो २०१० पासून आहे. डॉक्टर, परिचारिका, विद्यार्थी, निमवैद्यकीय कर्मचारी यांच्यावर हिंसा केली तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार रुपयांपर्यंत दंड. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. यंत्रसामग्री फोडली तर तिच्या किमतीच्या दुप्पट भरपाई. करोनाच्या काळात, २०२०मध्ये, केंद्रानं साथरोग कायद्यात दुरुस्ती करून आणखी कडक तरतुदी आणल्या. गंभीर दुखापत केली तर सात वर्षांपर्यंत कैद, तपास तीस दिवसांत, खटल्याचा निकाल वर्षभरात. पण ती तरतूद साथीपुरती.

घोडं अडतं ते पोलीस चौकीच्या पायरीवर. पूर्वापार रीत अशी, की ज्यानं मार खाल्ला त्यानंच चौकीत जाऊन फिर्याद द्यायची. म्हणजे रात्रपाळी संपवून, सुजलेला चेहरा घेऊन हाऊसमननं जबाब द्यायला बसायचं, आणि परत येऊन राऊंड गाठायचा. चौकीत समोरची मंडळीही असतात. घरात मयत झालेलं असतं. 'जाऊ द्या डॉक्टर, त्यांची आई गेलीय' असं कोणीतरी समजूतदारपणे म्हणतं, आणि ते माणूस म्हणून पटतंही. गुन्हा नोंदला गेलाच, तर खटला उभा राहीपर्यंत निवासी डॉक्टरची तीन वर्षं संपलेली असतात. तो लातूरला, इंदूरला नाहीतर परदेशात असतो. समन्स जुन्या हॉस्टेलच्या पत्त्यावर येतं. साक्षीदार सिस्टरची बदली झालेली असते. कायदा कितीही कडक केला, तरी कोर्टात उभं राहायला फिर्यादी नसेल तर तो कागदावरच राहणार.

ऑगस्ट २०२४मध्ये केंद्रीय आरोग्य खात्यानं आपल्या अखत्यारीतल्या संस्थांना एक साधा आदेश दिला. कर्तव्यावरच्या कर्मचाऱ्यावर हल्ला झाला तर सहा तासांच्या आत संस्थाप्रमुखानं संस्थेतर्फे गुन्हा नोंदवायचा. अशा आदेशामुळे मोठा फरक पडू शकतो. फिर्यादी संस्था असेल, तर ती बदलीवर जात नाही, तिची परीक्षा नसते आणि तिला समजावायला कोणी घरी येत नाही.

सिस्टर आणि मावशी

बातमी होते ती डॉक्टरला मारल्याची. शिवीगाळ, अंगावर धावून जाणं, केसपेपर तोंडावर फेकणं, हे सर्वांत जास्त सोसतात त्या परिचारिका आणि मावशी. डॉक्टर कॉलवर जातो. सिस्टर वॉर्डातून हलू शकत नाही. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषाप्रमाणे अध्यापन रुग्णालयात तीन पेशंटमागे एक परिचारिका हवी. रात्रपाळीला प्रत्यक्षात एक-दोन सिस्टर अख्खा वॉर्ड सांभाळतात. "बेडपॅन द्यायला उशीर झाला, तरी आईबहीण निघते," एक सिस्टर म्हणाल्या. "त्याची कुठे तक्रार करायची? रोजचंच आहे." नोंद होत नाही म्हणून ते सरकारी आकड्यात येत नाही, आणि आकड्यात येत नाही म्हणून त्यावर उपायही होत नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की जगभरात ८ ते ३८ टक्के आरोग्य कर्मचाऱ्यांना नोकरीच्या काळात कधीतरी शारीरिक हिंसा सोसावी लागते. तोंडी अपमान याहून कितीतरी अधिक.

बायकांच्या बाबतीत धोका फक्त नातेवाइकांकडून नसतो. केईएममधल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी हल्ला झाला तो रुग्णालयाच्या तळघरात, त्या कपडे बदलायला गेल्या असताना. हल्लेखोर तिथलाच सफाई कर्मचारी होता. त्याला चोरी आणि खुनाच्या प्रयत्नासाठी सात वर्षांची शिक्षा झाली. अरुणाताई १८ मे २०१५पर्यंत, चाळीसहून अधिक वर्षं, त्याच रुग्णालयात अचेतनावस्थेत राहिल्या, आणि केईएमच्या परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांची शुश्रूषा केली. त्यांच्यामुळे इच्छामरणाच्या कायद्यावर देशभर चर्चा झाली, २०११चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. कपडे बदलायला सुरक्षित खोली हवी, ही साधी गोष्ट त्या चर्चेत मागे पडली.

ऑगस्ट २०२४मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात रात्रपाळीवरच्या डॉक्टर तरुणीवर बलात्कार होऊन तिचा खून झाला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयानं अरुणाताईंचं नाव घेतलं आणि राष्ट्रीय कृतिदल नेमलं. देशभर संप सुरू असतानाच, १८ ऑगस्टच्या पहाटे, शीवच्या रुग्णालयात दारू प्यायलेल्या पेशंटनं आणि त्याच्या नातेवाइकांनी एका महिला निवासी डॉक्टरवर हल्ला केला. पुढे कृतिदलानं अहवालात म्हटलं, की वेगळ्या केंद्रीय कायद्याची गरज नाही. आहेत ते कायदे पुरे आहेत. डॉक्टरांच्या संघटना यावर नाराज झाल्या. पण वॉर्डातल्या बायकांना विचारलं, तर त्या कलमं मोजत नाहीत. ड्युटी रूमला आतून कडी हवी, बाथरूम त्याच मजल्यावर हवं, एक्स-रे विभागाकडे जाणाऱ्या बोळात दिवा हवा आणि तो लागायला हवा, असं त्या सांगतात.

पायऱ्यांवरचे लोक

नातेवाईक म्हणजे गुंड, असं मानून चालणाऱ्यानं एकदा रुग्णालयाच्या पायऱ्यांवर रात्र काढावी. प्लास्टिक अंथरून झोपलेली कुटुंबं, कॅल्क्युलेटरवर औषधांचा हिशेब करणारा मुलगा, गावाकडे फोनवर 'बरं आहे' असं खोटं सांगणारी बाई. यांतले बहुतेक जण आयुष्यात कधीही कोणावर हात उचलणार नाहीत. त्यांची तक्रार एकच असते. कोणी काही सांगत नाही. सकाळी राऊंडला डॉक्टरांचा घोळका येतो, इंग्रजीत बोलतो आणि पुढे जातो. विचारलं तर 'बघू' किंवा 'सिरियस आहे'. औषधं बाहेरून आणायला लावायची नाहीत, असं 'झिरो प्रिस्क्रिप्शन' धोरण महापालिकेनं जाहीर करूनही हातात बाहेरची चिठ्ठी पडते, आणि ती का पडली हे सांगायला कोणी नसतं. डॉक्टरांतही उर्मट आहेत. पेशंटच्या अज्ञानावर ओरडणारे आहेत. हे निवासी डॉक्टर आपसात कबूल करतात.

पण जमावाची हिंसा ही या अगतिकतेहून वेगळी गोष्ट आहे. २६ ऑगस्ट २००१ रोजी ठाण्यात शिवसेनेचे नेते आनंद दिघे यांचं सिंघानिया रुग्णालयात निधन झालं, आणि संतप्त जमावानं ते अख्खं रुग्णालय जाळलं. आत इतर पेशंट होते. तिथे अगतिक बाप किंवा घाबरलेली बहीण नव्हती. तिथे ताकदीचा माज होता. ऑक्टोबर २०२३मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस मृत्यू झाल्यावर हिंगोलीच्या तत्कालीन खासदारांनी अधिष्ठात्यांच्या हातात झाडू देऊन स्वच्छतागृह साफ करायला लावलं, आणि त्याचं चित्रण राज्यभर फिरलं. खासदारांवर गुन्हा दाखल झाला. पण निधी, रिक्त पदं आणि औषधखरेदी ज्यांच्या हातात असते त्यांनीच रुग्णालयातल्या माणसाला सर्वांदेखत अपमानित केलं, की खालच्या प्रत्येक संतापलेल्या नातेवाइकाला जणू परवाना मिळतो.

सांगणारा माणूस

मग उपाय काय? जवान, कॅमेरे, पास हे हवेतच. पण कॅज्युअल्टीत पाहिलं, तर ज्या रात्री काही घडत नाही त्या रात्रींमध्ये एक गोष्ट समान दिसते. कोणीतरी वेळच्या वेळी नातेवाइकांशी बोललेलं असतं. कधी समाजसेवा विभागातला अधिकारी, कधी जुनी सिस्टर, कधी अनुभवी रजिस्ट्रार. 'तुमचे वडील आले तेव्हाच रक्तदाब लागत नव्हता. आम्ही दोन औषधं सुरू केलीत. पुढचे सहा तास फार कठीण आहेत. मी अकरा वाजता पुन्हा येऊन सांगतो.' एवढी चार वाक्यं. आणि अकरा वाजता खरंच येणं.

वाईट बातमी कशी सांगावी याचंही शास्त्र आहे. २००० मध्ये अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांनी त्यासाठी सहा टप्प्यांची पद्धत मांडली. आधी शांत जागा, मग समोरच्याला किती ठाऊक आहे ते विचारणं, किती ऐकायचं आहे ते पाहणं, मग सांगणं, त्याच्या भावनेला जागा देणं आणि शेवटी पुढे काय ते ठरवणं. आपल्या एमबीबीएसच्या अभ्यासक्रमातही २०१९ पासून संवादाचे धडे आले. पण कॅज्युअल्टीत शांत जागा म्हणजे कोणती? ट्रॉलीच्या आणि भिंतीच्या मधली दोन फूट. एका हाऊसमननं एका रात्रीत तीन मृत्यू सांगितले, तिन्ही उभ्याउभ्या. दुसऱ्या मृत्यूच्या वेळी त्याच्या खिशातला फोन सतत वाजत होता. वरून कॉल होता.

म्हणून बोलण्याचं काम हाऊसमनच्या चांगुलपणावर सोडून चालणार नाही. ते पगारी काम आहे. त्यासाठी कॅज्युअल्टीत चोवीस तास समाजसेवा अधिकारी हवा, पेशंट गंभीर होताच वरिष्ठ डॉक्टरनं खाली यावं असा पाळला जाणारा नियम हवा, आणि नातेवाइकांना बसवून सांगायला दार असलेली एक खोली हवी. अकराशे जवान नेमता येतात, तर हेही जमण्यासारखं आहे. फरक इतकाच, की जवान नेमला की सरकारनं काहीतरी केलं हे दिसतं. न झालेली मारहाण कोणाला दिसत नाही, तिची बातमी होत नाही आणि तिचं श्रेय कोणी घेऊ शकत नाही.

पुढची बातमी येईल. निषेध होईल, संपाचा इशारा मिळेल, मंत्री भेट देतील, कडक कायद्याची मागणी होईल. त्या वेळी वाचकांनी तीन प्रश्न विचारावेत. मारहाणीआधीच्या तासाभरात नातेवाइकांशी कोण बोललं? त्या वेळी सर्वांत वरिष्ठ डॉक्टर कुठे होता? आणि फिर्याद कोणी दिली, मार खाणाऱ्यानं की रुग्णालयानं? या तिन्हींची उत्तरं देण्याची जबाबदारी त्या हाऊसमनची नाही. ज्यांची आहे त्यांना हे प्रश्न विचारायला आपण कधी सुरुवात करणार, एवढंच ठरवायचं आहे.